पोट गरम, पाय गार

८ जानेवारी

भावोजी,

तुमचा फोन लागत नाही. छावणीच्या ऑफिसात केला, तर तिथला माणूस म्हणाला, बोगद्यात उतरलेल्या माणसाला असं वर बोलावता येत नाही, पत्र टाका, शिधा आणणाऱ्या गाडीबरोबर पोचेल. म्हणून लिहितेय. ताईला यातलं काही माहीत नाही. कळलं तर माझी धडगत नाही.

मुलगी झाली. परवा सकाळी. दिवस भरायला दोन महिने होते, तेवढीही वाट बघितली नाही बाईसाहेबांनी. घाबरू नका. ताई बरी आहे. थोडी अशक्त आहे, झोपून असते, एवढंच.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय. ड्युटीवरून तशीच धावत आले होते, हातात बस चालवायचे हातमोजे होते. त्यातला एक मी काचेला बाहेरून लावून बघितला. बाळ त्याच्याहून थोडं मोठं आहे. कातडी इतकी पातळ, की आतल्या निळ्या शिरा पेनाने बाहेरून काढल्यासारख्या दिसतात. पेटीला भोकं आहेत, त्यातून हात घालून सिस्टर तिचं सगळं करतात. मला अजून हात लावू दिलेला नाही.

एखादी गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं लिहिते. आपल्याला थंडी वाजली की अंग कापतं, दात वाजतात. ते उगाच नसतं. स्नायू हलतात, त्यातून ऊब होते. इतक्या लहान बाळाला कापता येत नाही. बाळांच्या मानेशी, खांद्यांच्या मध्ये एक निराळीच चरबी असते, ती जाळून बाळं गरम राहतात. पण ती चरबी भरते शेवटच्या महिन्यांत. आपली बाई ती न घेताच निघाली. वर अंगावर मांस नाही, त्यामुळे असेल नसेल ती ऊब बाहेर पळते. म्हणून पेटी. पेटी आहे तोवर काळजी नाही, असं म्हणाल्या.

तुम्ही जाताना दारात ताईला म्हणालात, "मला तिसऱ्यांदा नाही जमणार." मी आत स्वयंपाकघरात होते, ऐकलं. तेव्हा तुमचा फार राग आला होता. पोटुशी बायको टाकून माणूस जातो म्हणजे काय! आधीच्या दोन्ही बाळांना शेवटी तुम्हीच हातात घेतलं होतंत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. काल काचेसमोर उभी होते तेव्हा आलं.

तुमच्या बाबांना कळवलेलं नाही. दुसऱ्या खेपेनंतर "हिच्या कुशीत काही टिकायचं नाही" असं ते बोलले, तेव्हापासून त्या घराची पायरी ना ताई चढली, ना तुम्ही. मग मी कशाला चढू?

या, असं लिहीत नाही. कळवलं, एवढंच.

तुमची मेहुणी,
शेगडी


११ जानेवारी

भावोजी,

अक्षर वाकडंतिकडं येईल. डाव्या हाताने तुमच्या मुलीला धरलंय आणि उजव्याने लिहितेय. ती माझ्या शर्टाच्या आत आहे. खरंच आत. नुसत्या छातीवर, बेडकासारखी पाय पोटाशी घेऊन, डोक्याला लोकरीची टोपी, वरून माझा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर डेपोचा जाड कोट. मला झोप लागता कामा नये. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, काहीतरी करत राहा, गाणं म्हणा, हिशेब करा, पत्र लिहा. पत्र लिहायला माझ्याकडे तुमच्याशिवाय कोण आहे?

आधी एक खरं लिहिते. ताई बरी नाही. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं. शुद्धीवर आलेलीच नाही. वरच्या मजल्यावर आहे, तोंडात नळी, श्वासाचं यंत्र. खरं कागदावर उतरवलं तर ते पक्कं होईल, असं काहीतरी वाटलं मला.

परवापासून बर्फ थांबलेला नाही. बसगाड्या डेपोत अडकल्यात, टपाल हलत नाही, म्हणजे हे पत्र कधी मिळेल देव जाणे. आज सकाळी शहरातली वीज गेली. कुठेतरी तारा तुटल्या म्हणतात. इथला जनरेटर सुरू झाला, सगळ्यांनी हुश्श केलं. मी मात्र कान लावून होते. इतकी वर्षं डिझेलच्या इंजिनावर बसून काढलीत, त्याचा खोकला मला कळतो. थंडीत डिझेल घट्ट होतं, नळीतून नीट उतरत नाही. आणि तो खोकायला लागलाच. मेकॅनिकने खटपट करून चालू ठेवला, पण अर्ध्याच ताकदीवर. सगळ्या इमारतीला पुरेल एवढी वीज नाही.

मग ठरलं की वीज वर द्यायची, यंत्रांवरच्या पेशंटना. खाली बाळांच्या खोलीला नाही.

कळतंय ना तुम्हाला? वर ताईचा श्वास चालू आहे, त्याच विजेवर खाली बाळाची पेटी चालू राहिली असती. कुणी मला विचारलं नाही, बरं झालं. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

मोठ्या सिस्टर म्हणजे ठेंगणी, करड्या केसांची बाई, आवाज असा की डेपोत शोभेल. त्या बाहेर येऊन ओरडल्या, "बाळांचे नातेवाईक कोण आहेत? शर्टाची बटणं काढा आणि आत या. लाजायचं नंतर."

मी म्हटलं, "मी मावशी आहे. आई नाही."

"अंग गरम आहे ना?"

ते आहे. लहानपणी हिवाळ्यात ताई माझ्या अंथरुणात घुसायची, पाठीला पाठ लावून झोपायची. शेगडी हे नाव तिनेच पाडलं आणि तुम्ही लग्नात सगळ्यांसमोर त्यावर विनोद केलात, ते मी विसरलेले नाही. पण बाळ हातात दिलं तेव्हा माझी बोटं बर्फ झाली होती. सिस्टरांनी माझा हात धरला आणि झिडकारला.

"हे काय?"

"मला भीती वाटतेय हो."

"वाटणारच. माणूस घाबरला की रक्त आत ओढलं जातं, हातपाय गार पडतात. हात बाजूला ठेवा. बाळाला तुमची छाती हवीय, ती गरमच आहे." आणि त्यांनी स्वतःच तिला माझ्या अंगावर ठेवलं.

भावोजी, ती गार होती. पेटी बंद होऊन फार वेळ झाला नव्हता, तरी. ओल्या कपड्यासारखी गार. मला वाटलं, मी हिला गरम करतेय की हीच मला गार करणार?

ती रडत नव्हती. मी म्हटलं, "शांत आहे हो पोरगी." सिस्टरांनी तिची टोपी कानांवर ओढली. मग म्हणाल्या, "गप्प बाळावर खूश होऊ नका. थंड पडायला लागलेलं बाळ रडत नाही. रडायलाही ऊब खर्च होते."

त्यांनी मला बघायचं कसं ते शिकवलं. हाताची पालथी बाजू आधी पोटाला लावायची, मग पायाला. दोन्ही गरम, तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ आतली ऊब वाचवायला धडपडतंय, साठवण जळतेय. दोन्ही गार... ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पोट गरम आहे. पाय गार. मघापासून तसंच आहे. मी सारखी बघतेय. सिस्टर म्हणतात, सारखं उघडून बघू नका, वारा जातो. पण न बघता कसं राहायचं?

थांबा.

परत आली. श्वास घ्यायला विसरली होती. विसरतात म्हणे अशी बाळं, गार पडली की जास्तच. छातीवरचं ते बारीक वर-खाली होणं थांबलं. मी पायाच्या तळव्यावर टिचकी मारली, सिस्टरांनी दाखवली होती तशी. काही नाही. पुन्हा मारली. मी किंचाळले बहुतेक, कारण सिस्टर धावत आल्या. त्या येईपर्यंत हिने एक मोठा श्वास घेतला आणि चेहरा असा काही वाकडा केला, जसं काही मीच तिची झोपमोड केली.

माझं सगळं अंग कापतंय. सिस्टर म्हणाल्या, "कापू द्या. त्यानेही ऊबच होते."

आता लिहीत नाही. दोन्ही हात हवेत.

शेगडी


१३ जानेवारी

भावोजी,

काल मी एक गोष्ट केली, तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही. तुमच्या बाबांना बोलावलं.

झालं असं, की सकाळी माझा घसा धरला आणि दुपारपर्यंत ताप भरला. सिस्टरांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि बाळ काढूनच घेतलं. मी म्हटलं, "अहो, ताप आहे म्हणजे मी जास्त गरम आहे ना!" त्या म्हणाल्या, "ऊब देता देता आजारही द्याल. हिला तुमची सर्दी पुरेल." मी तिला आत जाताना बघत होते आणि माझ्या छातीवर तेवढीच जागा गार लागत होती.

दुसरं कोण होतं? वीज अजून आली नव्हती. बाकीच्या बाळांना आया होत्या, बाप होते, एका बाळाला तर दोन आत्या आळीपाळीने धरून होत्या. आपल्याकडे मी एकटी. सिस्टरांनी बाळ स्वतःच्या अंगावर घेतलं, पण त्यांना इतरांचंही बघायचं होतं. त्या मला म्हणाल्या, "कुणीतरी आणा. कुणीही चालेल."

हॉस्पिटलचा जुना फोन चालू होता. त्यावरून नंबर फिरवला. तुमच्या बाबांनी उचलला. मी कोण ते सांगितलं. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं: बाळ, ताई, वीज, ताप.

"मी येऊन काय करणार?" ते म्हणाले. "मला बाळांतलं काही कळत नाही."

"काका, तुमचं अंग ऊबदार आहे ना? तेवढं पुरे."

पलीकडून फोन ठेवला. मी तिथेच खाली बसले. वाटलं, संपलं.

ते चालत आले, भावोजी. नदीपलीकडून, गुडघाभर बर्फातून, कुलपं दुरुस्त करायच्या दुकानातली ती भली मोठी मेणकापडी बॅग पाठीला लावून. भुवयांवर बर्फ. दारातच त्यांनी विचारलं, "सून कुठे आहे?" मी वर बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली.

सिस्टरांनी त्यांना आधी बॉयलरच्या पाइपाशी बसवून गरम केलं. चालून घाम आला होता, बनियन ओलं होतं, ते काढायला लावलं. "ओलं कापड अंगावर म्हणजे ऊब चोरणारा चोर," त्या म्हणाल्या. तर तुमचे बाबा म्हणतात, "बाई, चोरांचं मला सांगू नका, जन्मभर त्यांच्याविरुद्धच काम केलंय." इतक्या भीतीतही मला हसू आलं.

मग अंग पुसलं, कोरडं केलं आणि ते लाकडासारखे ताठ खुर्चीत बसले. छातीवर पांढरे केस. सिस्टर बाळ घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हात मागे घेतले.

"माझ्या हातून पडेल."

"पडणार नाही. हात इथे. दुसरा इथे. आता हलू नका."

ते हलले नाहीत. श्वासही जपून घेत होते. मी मास्क लावून दारात उभी होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, बहुतेक समोरच्या भिंतीला: "मी असं कुणाला धरलं नव्हतं. त्यालाही नाही." तो म्हणजे तुम्ही. मग म्हणाले, "कुणी सांगितलंच नाही, की धरायचं असतं."

त्यांचे पाय मात्र अखंड हलत होते. भीतीने. बूट काढून ठेवलेले, मोज्यांना भोक, आणि अंगठा सारखा वरखाली.

संध्याकाळी वीज आली. पेटी सुरू झाली. सिस्टर बाळ न्यायला आल्या तर हे द्यायला तयार होईनात. "यंत्राचा काय भरवसा? पुन्हा बंद पडलं म्हणजे?" शेवटी असं ठरलं, की दिवसातून काही वेळ पेटी, काही वेळ आजोबा.

ताई तशीच आहे. मी काचेतून बघते. डॉक्टरीणबाई "बघू या" म्हणतात. पूर्वी "होईल बरी" म्हणायच्या.

शेगडी


१६ जानेवारी

भावोजी,

हे पत्र टपालात टाकत नाही. फाटकावरच्या रखवालदाराच्या हाती देतेय, कारण तुम्ही त्याच्यासमोरच उभे आहात.

तो मघाशी वर येऊन म्हणाला, "बाई, एक माणूस पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. आत जा म्हटलं तर नको म्हणतो. बाळांच्या खोलीची खिडकी कुठली, एवढंच विचारलं." मी खिडकीतून बघितलं. दाढी वाढलीय तुमची. पाय आपटताय, काखेत हात घालताय, चार पावलं फाटकाकडे येताय आणि परत मागे जाताय. मला वरून सगळं दिसतं.

पहिलंच पत्र मिळालं असणार तुम्हाला, त्यानंतरची दोन रस्ता बंद असल्याने कुठेतरी पडून असतील. म्हणजे ताई बरी आहे आणि रागावलेली आहे, असं समजून तुम्ही तिथे उभे आहात. तसं नाही. ताई जाता जाता वाचली. तुमचे बाबा इथे आहेत. सगळं सांगायला वेळ नाही, जे हवं तेवढं लिहिते.

काल सकाळी तिच्या तोंडातली नळी काढली. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पहिला शब्द काय उच्चारला माहितेय? "गेली?"

मी म्हटलं, "नाही ताई. आहे."

"खोटं बोलू नकोस. मला आता खोटं सांगू नकोस ग."

मी शपथा घेतल्या. ती छताकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, ते पुसायचीही ताकद नव्हती. तिला वाटलं, ती जरा बरी होईपर्यंत आम्ही लपवतोय. आधी एकदा आपण सगळ्यांनी तसंच केलं होतं ना.

मोठ्या सिस्टरांना मी सांगितलं. त्या डॉक्टरीणबाईंशी भांडल्या. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं बरोबर होतं: ताईच्या अंगात रक्त कमी, ती स्वतःच गारठून कुडकुडत होती, तीन रजया घालून दात वाजत होते. अशा बाईच्या अंगावर एवढं नाजूक बाळ ठेवायचं? सिस्टर म्हणाल्या, "रजईला स्वतःची ऊब नसते हो. आतल्या माणसाची असेल तेवढीच ती धरून ठेवते. हिच्यात धरायला काही नाही, म्हणून ती कापतेय. आतून कुणीतरी हवं. मी इथून हलत नाही, पाय गार लागले तर लगेच उचलते."

बाळ आणलं. तुमच्या बाबांनी स्वतः वर आणलं, कोटाच्या आत. ताईने त्यांना बघितलं. मला वाटलं, आता काय होतंय! ते दारातच थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, मी जे बोललो होतो ते वाईट बोललो. हिला घे. मग मला हाकलून दे हवं तर."

ताईने हात गळ्याशी नेला. गाऊनची गाठ तिला सुटेना, मी सोडली.

आम्ही सगळे उभे राहून बघत होतो, भावोजी, आणि मी माझ्या आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. ताईच्या कापण्याबरोबर बाळही हलत होतं. सिस्टरांचा हात रजईखाली, पायाशी. त्यांच्या तोंडावरून काही कळेना. ताईने श्वास रोखला होता की काय कोण जाणे. मग दात वाजायचे थांबले. एकदम नाही, थांबत थांबत. खांदे खाली आले. बाळाने एक शिंक दिली, एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी, आणि ताई म्हणाली, "अगबाई. आहे."

आज ती तुमच्याबद्दल बोलली नाही. मी खोटं लिहिणार नाही. तुम्ही आलात तर ती काय म्हणेल मला माहीत नाही. तोंड फिरवील कदाचित. फिरवलं तर फिरवलं.

आणि बाळ वाचेलच, असंही मी लिहून देऊ शकत नाही. वजन वाढलेलं नाही. आज सकाळी पुन्हा श्वास विसरली, आजोबांच्या अंगावर असताना. त्यांनी टिचकी मारून आणली परत आणि नंतर जिन्यात जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे भीती आहेच. तुम्ही तिथे भीत उभे आहात, आम्ही इथे भीत बसलोय. फरक इतकाच, की आम्ही आत आहोत आणि आत धरायला माणसं कमी पडतायत. माझा ताप उतरलाय, पण खोकला आहे, मला अजून जवळ जाऊ देत नाहीत. ताईला अर्धा तासही जड जातो. तुमच्या बाबांची पाठ धरलीय, सांगत नाहीत, पण उठताना भिंतीचा आधार घेतात.

तुम्ही आलाय, हे त्यांना आत्ताच सांगितलं. बाळासकट उठून खिडकीशी गेले, सिस्टरांनी ओरडून परत बसवलं. बसता बसता म्हणाले, "कान उघडे टाकून उभा आहे गाढव. त्याला म्हणावं, वर ये."

रखवालदाराबरोबरच या. मागचा जिना घ्या, पुढच्या दारात बर्फ आहे. बूट खाली काढा. ओले कपडे सगळे काढा, सिस्टर कोरडे देतील. हात कोपरापर्यंत धुवा आणि पाइपाशी बसून अंग गरम करा. घाई करू नका, पण थांबूही नका.

आत्ताच सिस्टरांनी रजईखाली हात घालून बाळाचे पाय बघितले. आत्ता ती गरम आहे. या.